‘झाली असती’ की ‘बहुधा झाली असती’? रग्बीतील पेनल्टी ट्रायचा नियम

जुलै २०१० मधील एका रविवारची सकाळ मला आजही स्पष्ट आठवते. वसतिगृहाच्या वाचन-कोपऱ्यात वृत्तपत्रातील एका छायाचित्राभोवती मुलांचा घोळका जमला होता. दक्षिण आफ्रिकेत चाललेल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत २ जुलै रोजी उरुग्वे आणि घाना यांच्यात उपांत्यपूर्व सामना झाला होता. अतिरिक्त वेळेचा अगदी शेवटचा क्षण होता आणि बरोबरी १-१ अशी होती. घानाच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरेषा ओलांडणार, तोच रेषेवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझने तो दोन्ही हातांनी अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले आणि घानाला पेनल्टी किक मिळाली. पण असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबावर आदळला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये उरुग्वे ४-२ असा जिंकला. आठवीतला एक विद्यार्थी छायाचित्रावर बोट ठेवून मला म्हणाला, “सर, गोल तर झालाच होता ना? मग पंचांनी तो दिला का नाही?”

“फुटबॉलमध्ये तशी तरतूद नाही,” एवढेच उत्तर मी त्याला तेव्हा दिले. त्यावर त्याचा लगेच दुसरा प्रश्न आला, “मग कोणत्या खेळात आहे?” त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यायचे राहूनच गेले. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे. तो विद्यार्थी आता माजी विद्यार्थ्यांमध्ये मोडतो. हा लेख त्याच्या वाचनात येईल अशी आशा आहे.

तशी तरतूद असलेला खेळ म्हणजे रग्बी. आपल्या मैदानावर हा खेळ कधी खेळला गेला नाही. आपली मुले कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉलमध्ये रमणारी. म्हणून पालक आणि हितचिंतकांसाठी प्रथम थोडी ओळख करून देतो. लांबट, अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे. सहकाऱ्याकडे तो हाताने टाकायचा, पण पुढे नव्हे, मागे किंवा आडवा. आणि प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडील क्षेत्रात पोहोचून चेंडू जमिनीवर टेकवायचा. या टेकवण्याला ‘ट्राय’ म्हणतात. रग्बीचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत. पंधरा-पंधरा खेळाडूंच्या ‘रग्बी युनियन’मध्ये ट्रायचे पाच गुण मिळतात (१९७१ पर्यंत तीन आणि १९९२ पर्यंत चार होते). तेरा-तेरा खेळाडूंच्या ‘रग्बी लीग’मध्ये आज चार गुण मिळतात. ट्राय झाल्यावर उंच खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून चेंडू लाथाडण्याची एक संधी मिळते, तिला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. ती साधल्यास आणखी दोन गुण. ही किक, ज्या ठिकाणी ट्राय झाली त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारावी लागते. त्यामुळे खांबांच्या मधोमध केलेल्या ट्रायनंतर ती सोपी असते, तर मैदानाच्या कोपऱ्यात केलेल्या ट्रायनंतर फार अवघड. पुढील चर्चेत हा तपशील महत्त्वाचा ठरणार आहे.

आता मुख्य नियम पाहू. बचाव करणाऱ्या संघाच्या गैरखेळामुळे होऊ घातलेली ट्राय हुकली, किंवा ती अधिक सोयीच्या जागी होऊ शकली नाही, तर पंच ‘पेनल्टी ट्राय’ देतो. चेंडू जमिनीला टेकलेलाच नसतो, तरी गुण मिळतात. युनियनमध्ये २०१७ पासून पेनल्टी ट्रायचे सरळ सात गुण धरले जातात. कन्व्हर्जनची किक मारावीच लागत नाही. पंच खांबांच्या मध्ये जाऊन शिट्टी वाजवतो व हात उंचावतो, आणि दोषी खेळाडूला किमान पिवळे कार्ड, म्हणजे दहा मिनिटे मैदानाबाहेर.

मराठी व्याकरणाच्या तासाला आपण सर्वांनी संकेतार्थी वाक्य शिकले आहे. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते.’ या वाक्यात एक अट असते आणि ती अट पूर्ण झाली असती तर काय घडले असते, याचे विधान असते. पेनल्टी ट्रायचा नियम म्हणजे असे एक संकेतार्थी वाक्यच आहे: गैरखेळ झाला नसता तर ट्राय झाली असती. इतर सर्व निर्णय देताना पंच, जे घडले ते पाहतो. चेंडू रेषेबाहेर गेला की नाही, पाय टेकला की नाही, धक्का मानेवर बसला की छातीवर, हे सारे डोळ्यांनी दिसते. पेनल्टी ट्राय देताना मात्र त्याला जे घडलेच नाही त्याचा निवाडा करावा लागतो. या नियमाची अवघड बाजू हीच आहे, आणि माझ्या मते त्याची थोरवीही हीच आहे.

कबड्डी जाणणाऱ्या वाचकाला येथे एक तुलना सुचेल. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबले, त्याला कात्री घालून पकडले किंवा अंगावर धोकादायक रीतीने पकड केली, तर पंच चढाईपटूला बाद देत नाही. म्हणजे गैरमार्गाने केलेली पकड धरलीच जात नाही. पण तो चढाईपटू पकडला गेला नसता तर आणखी दोन गडी टिपून परतला असता काय, याचा विचार कबड्डीचा पंच करत नाही. रग्बीचा पंच तो करतो. कबड्डीचा नियम गैरखेळाने झालेले नुकसान पुसून टाकतो; रग्बीचा नियम गैरखेळाने हिरावलेला लाभ परत मिळवून देतो.

हा विचार या खेळात आला कोठून? निवासी शाळेच्या स्मरणिकेत हे सांगताना मला विशेष आनंद होतो की रग्बीचे पहिले लेखी नियम एका निवासी शाळेतल्या मुलांनीच लिहिले. इंग्लंडमधील रग्बी स्कूल या शाळेच्या नावावरूनच खेळाला नाव मिळाले. ऑगस्ट १८४५ मध्ये तेथील वरच्या वर्गातील तीन विद्यार्थ्यांनी सदतीस नियमांची संहिता तयार केली. त्यांपैकी विल्यम डेलाफील्ड आर्नोल्ड हा शाळेचे विख्यात मुख्याध्यापक थॉमस आर्नोल्ड यांचा मुलगा. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि पंजाब प्रांताच्या शिक्षण खात्याचा पहिला संचालक झाला. मुलांच्या त्या संहितेत तटस्थ पंच नव्हताच. कोणताही वाद दोन्ही बाजूंच्या नायकांनी, किंवा त्यांनी नेमलेल्या दोन प्रतिनिधींनी सोडवायचा, असा नियम होता. आपल्या मैदानावर संध्याकाळी मुले आपापसांत खेळताना जे करतात, तेच.

अशा व्यवस्थेत नियम लावणारे आणि नियमाने बांधले जाणारे एकच असतात. गडी सज्जन असतील तोवर ते चालते. दोन देशांमध्ये सामने सुरू झाले तेव्हा ते चालेना. १८७१ मध्ये एडिंबरा येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, आणि त्यातही एका ट्रायवरून वाद झालाच. त्या सामन्याचे एक पंच हेली हचिन्सन आल्मंड हे स्वतः लोरेटो या स्कॉटिश निवासी शाळेचे मुख्याध्यापक होते. निर्णय करणे अशक्य असेल तेव्हा जी बाजू जास्त आरडाओरडा करते तिच्या विरुद्ध निकाल द्यावा, बहुधा तीच चुकलेली असते, असे त्यांनी पुढे मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. वर्गात शिक्षक म्हणून मीही हा उपाय काही वेळा वापरला आहे. तो दर वेळी बरोबर ठरला असे मात्र म्हणवत नाही.

खरा पेचप्रसंग १८८४ मध्ये उद्भवला. १ मार्च रोजी लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे पुन्हा हेच दोन देश समोरासमोर होते. सामना कलकत्ता चषकासाठी होता. हा चषक म्हणजे बरखास्त झालेल्या कलकत्ता फुटबॉल क्लबच्या खात्यातील २७० चांदीचे रुपये वितळवून घडवलेला प्याला. खेळ रंगात असताना एका स्कॉटिश खेळाडूने हवेतला चेंडू हाताने मागच्या दिशेला मारला. तो इंग्लंडच्या हाती लागला आणि रिचर्ड किंडर्सलीने ट्राय केली. स्कॉटिश खेळाडूंनी हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद असा, की चेंडू असा हाताने मागे मारणे आमच्या समजुतीप्रमाणे नियमबाह्य आहे. नियमभंग होताच खेळ थांबायला हवा होता. म्हणून त्यानंतरची ट्राय ग्राह्य नाही. इंग्लंडचे उत्तर दुहेरी होते. एक, आमच्या समजुतीप्रमाणे हा नियमभंगच नाही. दोन, समजा तो असला, तरी तो तुमच्याच खेळाडूने केला आहे. स्वतःच्या चुकीचा फायदा तुम्ही कसा मागता?

मैदानावर बराच वेळ वाद चालला. अखेर ट्राय ग्राह्य धरली गेली, तिचे कन्व्हर्जन झाले आणि त्यावर इंग्लंड जिंकला. पण सामना संपला तरी वाद संपला नाही. १८८५ मध्ये हे दोन देश एकमेकांशी खेळलेच नाहीत. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी नियमांच्या एकवाक्यतेसाठी आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. इंग्लंड त्यात सामील व्हायला १८९० साल उजाडावे लागले, तेही दोन लवादांच्या मध्यस्थीनंतर. त्या दोघांपैकी एक स्कॉटलंडचे उच्च न्यायाधीश होते आणि दुसरे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष. एका ट्रायच्या निवाड्यासाठी एवढी मोठी माणसे बसली, याचे आज हसू येते. पण त्या वादात इंग्लंडने मांडलेला दुसरा मुद्दा क्षुल्लक नव्हता. स्वतःच्या अपराधातून कोणालाही लाभ मिळू नये, हे तत्त्व न्यायालयांना परिचित होते. खेळाच्या मैदानात ते उच्चारले गेले आणि आजच्या रग्बीच्या नियमांमध्ये दोन ठिकाणी ते ठळक दिसते. एक म्हणजे ‘अॅडव्हान्टेज’: प्रतिपक्षाने चूक केली तरी तिचा तुम्हाला फायदा होत असेल तर पंच खेळ थांबवत नाही. दुसरे म्हणजे पेनल्टी ट्राय.

तत्त्व मान्य झाले, तरी ‘झाली असती’ हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. युनियन आणि लीग यांची भाषा येथे वेगळी आहे, आणि तो फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. लीगचा नियम म्हणतो: पंचाच्या मते, गैरखेळ नसता तर ट्राय झाली असती. युनियनचा नियम म्हणतो: जी ट्राय होण्याचा बळकट संभव होता, ती गैरखेळामुळे हुकली. पहिल्यात ‘झाली असती’, तर दुसऱ्यात ‘बहुधा झाली असती’. एका क्रियाविशेषणाचा हा फरक. पण त्याच्यावर अंतिम सामने फिरले आहेत.

२६ सप्टेंबर १९९९ रोजी सिडनीच्या स्टेडियम ऑस्ट्रेलियावर १,०७,९९९ प्रेक्षकांसमोर ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय रग्बी लीगचा अंतिम सामना झाला. मेलबर्न स्टॉर्म हा संघ लीगमध्ये येऊन जेमतेम दुसरे वर्ष होते. मध्यंतराला सेंट जॉर्ज इलावारा संघ १४-० असा पुढे होता. उत्तरार्धात स्टॉर्मने चिकाटीने गुण कमी केले, आणि सामना संपायला काही मिनिटे उरली असताना धावफलक १८-१४ असा होता. स्टॉर्मच्या ब्रेट किमॉर्लीने कोपऱ्याच्या दिशेने उंच किक मारली. क्रेग स्मिथने ती उडी घेऊन झेलली आणि तो गोलरेषेपलीकडे खाली येऊ लागला. त्या क्षणी प्रतिपक्षाच्या जेमी एन्सकफचा हात त्याच्या डोक्यावर जोराने आदळला. स्मिथची शुद्ध हरपली आणि चेंडू हातातून निसटला.

मैदानावरील पंच बिल हॅरिगन यांनी निर्णय व्हिडिओ पंच ख्रिस वॉर्ड यांच्याकडे सोपवला. चेंडू निसटला होता, यात शंका नव्हती. म्हणजे ट्राय झाली नव्हती, हे निश्चित. प्रश्न एवढाच होता, की डोक्यावर तो हात आदळला नसता तर? चेंडू झेललेला होता, शरीर गोलक्षेत्रात होते आणि राहिले होते फक्त टेकवणे. वॉर्ड यांनी पेनल्टी ट्राय दिली. लीगच्या नियमाप्रमाणे कन्व्हर्जन खांबांच्या समोरून मिळाले. मॅट गेयरने ते सहज साधले आणि स्टॉर्मने २०-१८ असा विजय मिळवला. अंतिम सामना अशा निर्णयावर ठरावा, हे कित्येकांना रुचले नाही. पण लीगच्या कठोर भाषेतही, ‘बहुधा’ नव्हे तर ‘असतीच’ या कसोटीलाही, तो निर्णय उतरतो असे मला वाटते. संदिग्ध परिस्थिती कशाला म्हणतात हे शिकवताना मी या सामन्याचे उदाहरण देत नाही. संदिग्धता नसलेल्या परिस्थितीचे म्हणून देतो.

मात्र या प्रसंगातून एक सूक्ष्म मुद्दा निघतो. एन्सकफने डोक्याऐवजी छातीवर, नियमाला धरून टॅकल केला असता तर स्मिथच्या हातून चेंडू सुटला नसता कशावरून? हा प्रश्न मुले नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. संकेतार्थी वाक्यातील अट नेमकी कोणती धरायची? ‘तो खेळाडू नियमाने वागला असता तर’, की ‘तो खेळाडू तेथे नसताच तर’? युनियनच्या पंचांमध्ये रूढ असलेली विचारपद्धती दुसरी आहे: दोषी खेळाडूला मनातल्या मनात चित्रातून पुसून टाका आणि उरलेले चित्र पाहा. ही पद्धत मला न्याय्य वाटते. ज्याने चुकीचा मार्ग निवडला, त्याच्या बाजूने ‘त्याने योग्य मार्गही निवडला असता’ ही कल्पना करण्याचे कारण नाही. योग्य मार्ग त्याच्यासमोर होता आणि त्याने तो घेतला नाही.

चित्रातून एक माणूस पुसला तरी बाकीचे राहतात, हे मात्र विसरता येत नाही. दुसरा बचावपटू जवळ होता काय? तो पोहोचला असता काय? आक्रमक खेळाडूचा तोल सावरलेला होता काय? गोलरेषा किती पावलांवर होती? दोन पावलांवर असेल तर उत्तर सोपे. वीस पावलांवर, मागून एक वेगवान बचावपटू येत असेल तर ‘शक्य होती’ आणि ‘बहुधा झाली असती’ यांमध्ये दरी पडते, आणि पंचाने त्या दरीच्या अलीकडेच थांबले पाहिजे. केवळ शक्य असलेल्या ट्रायसाठी पेनल्टी किक आणि कार्ड एवढेच मिळते.

त्याहून मूलभूत प्रश्न म्हणजे, गैरखेळ झाला होता काय? २४ नोव्हेंबर २०१८ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड इझॅक रॉडा चेंडू घेऊन गोलरेषेकडे झेपावत होता. इंग्लंडच्या ओवेन फॅरेलने त्याला खांद्याने धडकून अडवले. नियम सांगतो की चेंडूवाल्याला पकडण्याचा प्रयत्न न करता नुसती धडक देऊन पाडू नये. टॅकल करताना हात वेढले गेले पाहिजेत. फॅरेलचे हात वेढले गेले नव्हते, असे ऑस्ट्रेलियाचे म्हणणे होते. म्हणजे पेनल्टी ट्राय आणि पिवळे कार्ड. पंच याको पेपर यांनी काहीच दिले नाही. रॉडानेही खांदा पुढे करूनच धडक दिली होती आणि त्यामुळे फॅरेलला हात वेढण्यास वाव राहिला नाही, असा त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय होता. इंग्लंडने तो सामना ३७-१८ असा जिंकला आणि ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक मायकेल चेका यांनी उघड नाराजी दर्शवली. मला स्वतःला तो निर्णय चुकीचा वाटतो. धडक देणाऱ्याचा आवेश पाहता, हात वेढण्याची तयारीच दिसत नव्हती. पण माझ्यासारख्याने ती दृश्ये दहा वेळा थांबवून पाहिली आहेत. पंचाला ती क्षणभरात पाहून निर्णय द्यायचा होता, हेही नमूद केले पाहिजे.

येथे हेतूचा प्रश्न उपस्थित होतो. “सर, त्याने मुद्दाम केले नसेल तर?” पेनल्टी ट्रायसाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही. बेफिकिरीने किंवा धोकादायक रीतीने केलेली टॅकल गैरखेळातच मोडते. खांद्याच्या रेषेच्या वर पोहोचलेला हात, उद्देश काहीही असो, धोकादायकच. मात्र चेंडू हाताने खाली पाडण्याच्या बाबतीत हेतू निर्णायक असतो. समजा, दोन आक्रमक आणि एक बचावपटू समोरासमोर आहेत. पहिला आक्रमक मोकळ्या उभ्या असलेल्या दुसऱ्याकडे चेंडू टाकतो आणि बचावपटू एक हात उंचावून तो पुढे पाडतो. तो झेल घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न होता आणि झेल मिळण्याची वाजवी आशा होती, तर ती साधी चूक. प्रतिपक्षाला फक्त स्क्रम मिळतो. उलटा पंजा करून नुसता फटका मारला असेल, तर तो हेतुपुरस्सर नियमभंग. आणि मोकळ्या खेळाडूसमोर मैदान रिकामे असेल तर पेनल्टी ट्राय. म्हणून पंच अशा वेळी हाताचा पंजा पाहतो: तळवा वर होता की खाली, बोटे चेंडू धरायला वळली होती की सरळ होती, हात एक होता की दोन.

किक मारून चेंडूमागे धावणाऱ्याला कोणी आडवे आले, तर प्रकरण आणखी कठीण होते. रग्बीचा चेंडू गोल नाही. टप्पा पडल्यावर तो कोठे उसळेल हे कोणालाही सांगता येत नाही. अशा वेळी ‘बहुधा’ म्हणायला पंच सहसा धजावत नाही, आणि ते बरोबरच आहे.

एक हिशेब मी मुलांना फळ्यावर करून दाखवत असे. कोपऱ्यात होऊ घातलेली ट्राय रोखण्यात अपयश आले, तर बचाव करणाऱ्या संघाचे निश्चित नुकसान पाच गुणांचे. कोपऱ्यातून किक अवघड असल्यामुळे पुढचे दोन गुण जातीलच असे नाही. आता गैरखेळाची शिक्षा केवळ एक पेनल्टी किक असती, म्हणजे तीन गुण, तर प्रत्येक विचारी संघाने गोलरेषेवर गैरखेळच केला असता. पाचापेक्षा तीन बरे. पेनल्टी ट्रायमुळे हा हिशेब उलटतो. कोपऱ्यातली पाच गुणांची ट्राय खांबांमधली सात गुणांची होते आणि वर दहा मिनिटे एक गडी कमी. पिवळ्या कार्डाची सक्ती म्हणजे एका गुन्ह्याला दोन शिक्षा, अशी तक्रार काही जण करतात. मला ती पटत नाही. सात गुण ही शिक्षा नव्हेच. ती परतफेड आहे, थोड्या व्याजासह. शिक्षा फक्त कार्डाची.

तक्रार रास्त ठरते ती मॉलच्या बाबतीत. मॉल म्हणजे चेंडूवाल्याभोवती उभ्याने एकमेकांना धरून पुढे सरकणारा खेळाडूंचा जथा. गोलरेषेपाशी असा जथा सरकत असताना बचावपक्षाने तो पाडला, तर पेनल्टी ट्राय मिळते. पण त्या गर्दीत पाय नेमका कोणी ओढला? पंचाला एक क्रमांक निवडून कार्ड दाखवावेच लागते. अशा वेळी एखादा निरपराध दहा मिनिटे बाहेर बसण्याची शक्यता असते. यावर आजवर कोणालाही समाधानकारक तोड सापडलेली दिसत नाही.

राहिला एक प्रसंग: चेंडू टेकला आणि ट्राय झाली, पण टेकवणाऱ्यावर त्याच क्षणी किंवा त्यानंतर कोणी गुडघा घातला किंवा अंग टाकले. येथे ‘झाली असती’ म्हणण्याचे कारण नाही, कारण ट्राय झालेलीच आहे. पेनल्टी ट्राय देता येत नाही, पण अपराध मोकळाही सोडता येत नाही. युनियनमध्ये ट्राय आणि तिचे कन्व्हर्जन कायम राहते, आणि ट्रायनंतरच्या गैरखेळासाठी खेळ पुन्हा सुरू होतो तो मैदानाच्या मध्यातून, पेनल्टीने. दोषीला कार्ड मिळते ते वेगळेच. लीगची रीत अधिक थेट आहे. ट्राय करत असलेल्या खेळाडूवर गैरखेळ झाला तर कन्व्हर्जन झाल्यावर खांबांच्या समोरून आणखी एक पेनल्टी किक मिळते. चार, दोन आणि पुन्हा दोन, असे आठ गुण एका हल्ल्यात. लीगचे जाणकार तिला ‘आठ गुणांची ट्राय’ असेच म्हणतात.

त्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. सुआरेझने चेंडू अडवला ते मैदान रग्बीचे असते, तर पंचाला क्षणभरही विचार करावा लागला नसता. चेंडू रेषेवर होता, मागे कोणी नव्हते, आणि अडवणाऱ्याला चित्रातून पुसले तर उरत होती फक्त जाळी. घानाला गुण मिळाले असते, आणि ग्यानला त्या बारा यार्डांवरून किक मारण्यासाठी उभे राहावे लागले नसते.